घरातली ठासणीची बंदूक कोणी घडवली?

आपल्या मंडळातील बरीच कुटुंबे बंदर, गोदी आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी वास्कोला आली आणि इथलीच झाली. मूळ घर मात्र पेडणे किंवा डिचोलीकडे, आणि चवथीला, दसऱ्याला पाय तिकडेच वळतात. दसऱ्याच्या पूजेत कोयता, तलवार यांच्या शेजारी काही घरांत एक लांब ठासणीची बंदूकही मांडलेली असते. ती कोणी बनवली असे विचारले, की उत्तर तयार असते : 'इंग्रजी आहे', 'राण्यांच्या बंडातली आहे', किंवा 'पट्टीवर साहेबाचे नाव आहे, वाचून पाहा'. अशा काही बंदुका आम्हांला जवळून पाहायला मिळाल्या. त्यातून जे समजले ते सभासदांसाठी लिहीत आहोत.

सगळ्यांत आधी एक सावधगिरी. जुनी बंदूक रिकामीच असेल असे धरून चालू नये. रानडुकरांसाठी भरलेला बार तसाच राहून गेला आणि बंदूक माळ्यावर गेली, असे होऊ शकते. नळीच्या तोंडासमोर कोणीही न राहता एक बारीक लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी, तोंडापाशी खूण करावी, आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. काठी मागच्या कानापर्यंत, म्हणजे दारू पेटवण्याच्या छिद्रापर्यंत पोचली तर नळी रिकामी. दोन-तीन इंच आधीच थांबली तर आत काहीतरी आहे. मग तिला हात लावू नये; परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला किंवा पोलिसांना कळवावे.

आता कर्त्याकडे वळू. आधी काळ ठरवावा लागतो, आणि तो घोड्यावरून कळतो. जळती वात रंजकावर टेकवणारी ती तोड्याची बंदूक. युरोपात ती लवकर मागे पडली, पण आपल्या देशात एकोणिसाव्या शतकातही वापरात होती. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असेल तर ती चकमकीची. आणि घोडा पोकळ डोक्याच्या हातोडीसारखा असून एका लहान बोंडावर आपटत असेल तर ती केपाची, म्हणजे साधारण १८२० नंतरची. आम्ही पाहिलेल्यांपैकी बहुतेक केपाच्याच होत्या. सगळे त्यांना 'रायफल' म्हणतात, पण नळीच्या आत पिळाच्या चऱ्या असतील तरच ती रायफल. आपल्याकडच्या बहुतेक नळ्या आतून गुळगुळीत, छऱ्यांसाठी केलेल्या.

लोकांची नजर पहिल्यांदा जाते ती घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो तिच्यावरच्या अक्षरांकडे. तिथेच फसगत होते. मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द असेल तर ते कारागिराचे नाव नव्हे. ती ब्रिटिश सरकारने माल तपासून घेतल्याची खूण आहे. घडवणारा बर्मिंगहॅमचा किंवा लंडनचा कोणी कंत्राटदार असे. मागच्या दोन पायांवर उभा, पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीची खूण. त्याआधी कंपनी बदामाच्या आकाराचे चिन्ह वापरत असे. 'एन्फील्ड' हा शब्द मात्र सरकारी कारखान्याचा आहे. आणखी एक बारकावा : १८५७ नंतर देशी शिपायांना दिसायला एन्फील्डसारख्याच पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी.

बँकेत आयुष्य घालवलेल्यांना हे चटकन कळेल. चेकवर सही एकाची, शिक्का दुसऱ्याचा आणि कागद छापणारा तिसराच. बंदुकीचेही तसेच. बर्मिंगहॅममध्ये नळी एकाने घडवायची, घोड्याचा साचा वेन्सबरी किंवा डार्लस्टन गावात व्हायचा, दस्ता तिसऱ्याने कोरायचा, आणि सगळे जुळवून विकणारा स्वतःचे नाव घालायचा. तेव्हा 'कर्ता कोण' या प्रश्नाला एकच नाव मिळेल ही अपेक्षा आधी सोडून द्यावी.

खरी माहिती असते नळीवर, तीही बहुधा मागच्या टोकाला आणि खालच्या, लाकडात झाकलेल्या बाजूला. प्रत्येक नळी जास्त दारू भरून उडवून पाहिली जाई आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारला जाई. लंडनचा ठसा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली जी आणि पी ही अक्षरे, आणि सोबत मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ चे. तिथल्या ठशात फुलीसारखे दोन राजदंड, वर मुकुट आणि बी-पी-सी ही अक्षरे. हा ठसा १९०४ पर्यंत चालला. लंबगोलात ई-एल-जी आणि खाली चांदणी दिसली तर ती नळी बेल्जियममधल्या लिएज शहरात तपासलेली. एकोणिसाव्या शतकात लिएजहून स्वस्त बंदुका जगभर जात होत्या.

पेडणे महालातील एका सभासदाच्या घरची बंदूक याचे चांगले उदाहरण आहे. घरची समजूत अशी, की दीपाजी राण्यांच्या १८५२ च्या बंडात पणजोबांच्या वडिलांना ती मिळाली, आणि ई-एल-जी ही ती बनवणाऱ्या इंग्रजाची आद्याक्षरे. पट्टीवर काहीच नव्हते. नळी उतरवण्याचे काम परवानाधारक माणसाकडून करून घेतले, तेव्हा लंबगोलाशेजारी तपासनिसाचे अक्षर दिसले, त्याच्या डोक्यावर चांदणी. लिएजमध्ये १८५३ ते १८७७ या काळात तपासनिसाच्या अक्षरावर मुकुट असे, १८७७ पासून चांदणी आली. आणि १८९३ मध्ये लंबगोलावरच मुकुट चढला, तो इथे नव्हता. म्हणजे बंदूक १८७७ ते १८९३ मधली. दीपाजींच्या हाती ती असणे शक्य नाही. पण १८९५ मध्ये मोझांबिकला जायला नकार देऊन मराठा शिपायांनी बंड केले आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले, त्या वेळी ती गोव्यात असणे अगदी शक्य आहे. नळीच्या पोटात आणखी दोन अक्षरे होती. ती नळी घडवणाऱ्या लोहाराची. त्याचे पूर्ण नाव त्या दोन अक्षरांपलीकडे गेलेच नाही. घरच्या आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बंड तर बंडच ना, पुढचे का होईना."

देवनागरी अक्षरे दिसली तरी हुरळून जाऊ नये. नेपाळच्या कारखान्यांतील बंदुकांवर देवनागरी असते, आणि बिकानेरच्या शस्त्रागारातील हत्यारांवर टिंबाटिंबांनी कोरलेल्या ओळी असतात. त्या कारागिराच्या नव्हेत, कोठीच्या नोंदीच्या. उलट इंग्रजी अक्षरे उलटसुलट, एखादे आरशात पाहिल्यासारखे, असली तर ती इथल्याच कोणा लोहाराने विलायती मालाची केलेली नक्कल समजावी. आम्हांला अशी नक्कल अस्सल टॉवरपेक्षा जास्त मोलाची वाटते. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याने नळी मात्र चोख घडवली होती.

कारण बंदुका घडवणे इथल्या लोहारांना परके नव्हते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेतला तेव्हा इथे बंदुका करणारे कारागीर होतेच. अल्बुकर्कने राजा मानुएलला लिहिताना त्यांच्या कामाची तुलना बोहेमियाच्या कारागिरांशी केली. तोड्याच्या बंदुकीचा इथे घडलेला प्रकार पुढे सिलोन, मलाक्का आणि १५४३ नंतर जपानपर्यंत पोचला, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या गोमंतकीय कारागिरांची नावे नळ्यांवर नाहीत. श्रीरंगपट्टणला टिपूच्या कारखान्यात मात्र असद अमीनसारख्यांची नावे फारसीत कोरलेली सापडतात, आणि वर्ष त्याच्या स्वतःच्या मौलुदी सनाचे. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर हा स्कॉटिश माणूस तोफा ओतत असे आणि दहा रुपयांना एक या भावाने बंदुका करून देत असे. दहा रुपयांच्या बंदुकीवर कोण नाव कोरणार!

ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना हात जोडून एक विनंती : दसऱ्याआधी ती चिंच, राख किंवा पॉलिशपेपर लावून घासू नका. तारखा ठरवणारे हे ठसे केसाएवढ्या खोलीचे असतात, दोन वर्षांच्या घासणीत जातात. मऊ फडक्याला थोडे तेल लावून पुसणे पुरे. ठसा टिपायचा तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा, किंवा बाजूने टॉर्च धरून मोबाइलवर फोटो काढा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही.

परवान्याचेही पाहून घ्यावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सूट आहे ती दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला. केवळ शंभर वर्षे जुनी म्हणून उडू शकणारी बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. परवाना वडिलांच्या नावावर होता आणि ते गेले, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. आणि मुलगा परदेशी स्थायिक झाला म्हणून ती आठवण म्हणून त्याच्याकडे पाठवण्याचा विचार असेल, तर शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.