वाय-फाय चालू, इंटरनेट बंद: दोष कुठे आहे ते आधी ओळखूया

शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म, ऑनलाइन मुलाखत, घरून करायचे काम. या सगळ्या गोष्टी आज घरातल्या किंवा अभ्यासिकेतल्या दोन छोट्या डब्यांवर अवलंबून आहेत. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. पाच मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा बंद पडते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी असे झाले तर एका विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील सुमारे २४ टक्के घरांमध्येच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर शहरी भागात ४२ टक्के होते. त्यानंतर जोडण्या खूप वाढल्या. मात्र जोडणी असणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील मोबाइलबंदीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हा हक्क रोजच्या वापरात यायचा असेल, तर घरातले यंत्र समजून घेणे हेही आपले काम आहे.

वस्तीत काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. इंटरनेट तुटायला लागले की केबलवाला सांगतो, "बंद करून चालू करा." तरीही तुटले की सांगतो, "राउटर खराब झालाय, नवीन घ्या." घरातले दीड-दोन हजार रुपये जातात आणि आठवड्याने तेच सुरू होते. कारण दोष कुठे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे: काही विकत घेण्याआधी दोषाची जागा शोधा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

साखळीचे चार दुवे

इंटरनेट आपल्यापर्यंत चार दुव्यांमधून येते.

पहिला दुवा म्हणजे खांबावरून घरात येणारी फायबरची तार. ती मोडेमला जोडलेली असते. फायबरच्या जोडणीत या मोडेमला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. दुसरा दुवा म्हणजे मोडेम आणि राउटर यांच्यामधली जाड लॅन केबल. तिसरा दुवा राउटरपासून मोबाइल किंवा लॅपटॉपपर्यंतचे वाय-फाय. चौथा दुवा म्हणजे वीज: दोन्ही डब्यांचे अडॅप्टर, बोर्ड आणि प्लग. हा चौथा दुवा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

काही घरांत मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतात. तिथे दुसरा दुवा नसतो, बाकी सगळे लागू होते.

आधी दिवे पाहा, मग बटण दाबा

नेट गेले की आपला हात सरळ स्विचकडे जातो. तिथेच थांबा. बंद करून चालू केले की दोषाचा पुरावा पुसला जातो. आधी दोन्ही डब्यांच्या दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा. त्या फोटोवरून पुढचे बरेचसे कळते.

मोडेमवर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल, किंवा 'पॉन' नावाचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर दोष बहुधा पहिल्या दुव्यात आहे. बाहेरून प्रकाशाचा संकेत येत नाही किंवा कमजोर येतो आहे. घरातली तार खिळ्याला अडकली आहे का, दारात चेपली आहे का, कपाटामागे दुमडली आहे का, एवढे पाहा. फायबर म्हणजे काचेचा धागा असतो. मुठीपेक्षा लहान वेटोळे केले की त्यातला प्रकाश गळतो. घरात सगळे ठीक असेल तर काम कंपनीचे आहे. सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

'पॉन' स्थिर आहे, 'लॉस' बंद आहे, पण मोडेमवरचा 'लॅन' आणि राउटरवरचा 'वॅन' हे दोन्ही दिवे एकाच वेळी जातात आणि येतात, तर दोष दुसऱ्या दुव्यात, म्हणजे मधल्या केबलमध्ये किंवा तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये आहे.

दोन्ही डब्यांचे सगळे दिवे क्षणभर जाऊन पुन्हा एकेक करून लागत असतील, तर दोष विजेचा आहे.

सगळे दिवे नीट आहेत तरी नेट नाही, तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीकडच्या लॉगिनमध्ये असू शकतो. आणि एकाच खोलीत किंवा एकाच मोबाइलवर नेट जात असेल, तर तो वाय-फायचा प्रश्न आहे.

मधली केबल: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. १०० एमबीपीएसपर्यंतच्या वेगाला त्यातल्या चार पुरतात, एक गिगाबिटच्या वेगाला आठही लागतात. त्यामुळे केबल अर्धवट खराब असली तरी नेट चालत राहते. कधी जोडते, कधी सोडते. उंदराने कुरतडलेली, खुर्चीच्या पायाखाली दबलेली, किंवा टोकाच्या प्लॅस्टिक प्लगची खटी तुटलेली केबल हे नेहमीचे कारण आहे. खटी तुटली की प्लग खाचेत सैल बसतो आणि पंख्याच्या हादऱ्यानेही संपर्क सुटतो.

तपासणी सोपी आहे. दोन्ही टोके काढून 'टक' असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. मोडेमवर दुसरी चालू खाच असेल तर तिथे लावून पाहा. काही मोडेमवर कंपनीने एकच खाच चालू ठेवलेली असते, हे लक्षात असू द्या. मग शेजाऱ्याकडून किंवा कार्यालयातून चांगली केबल एक दिवसासाठी मागून आणा. दिवसभर नेट टिकले तर दोष सापडला. नवी घेताना 'कॅट-५ई' किंवा 'कॅट-६' लिहिलेली, कारखान्यातच प्लग बसवलेली केबल घ्या. ती नव्या राउटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

वीज: 'अपटाइम' खरे सांगतो

राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम' नावाची ओळ असते. यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते तिथे कळते. हे पान बहुधा ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकल्यावर उघडते (आकडे इंग्रजीत टाकायचे). नेमका पत्ता राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो.

नेट गेल्यानंतर लगेच हे पान उघडा. अपटाइम दोन मिनिटे दाखवत असेल, तर राउटर स्वतःच बंद होऊन चालू झाला आहे. अपटाइम चार दिवस असेल, तर राउटरची वीज गेलेली नाही, दोष दुसरीकडे शोधा.

एका अभ्यासिकेत रोज संध्याकाळी नेट तुटायचे. मुले जास्त येतात म्हणून लोड येतो, असे सगळ्यांनी धरून चालले होते. अपटाइम पाहिला तर राउटर रोज त्याच वेळी पुन्हा सुरू होत होता. ज्या एक्स्टेन्शन बोर्डात अडॅप्टर होता, त्याच बोर्डावर संध्याकाळी टेबल फॅन लागायचा आणि बोर्डाची खाच सैल होती. अडॅप्टर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटमध्ये लावला आणि प्रश्न मिटला. खर्च शून्य.

अडॅप्टर जुना झाला की पुरेसा प्रवाह देत नाही. तो बदलताना त्यावरचे आकडे जुळवा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत (बहुतेक राउटरना १२ व्होल्ट लागतात), अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनचा आकार व धन-ऋण बाजू तीच हवी. पत्र्याच्या घरात डबा छताजवळ किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका. उन्हाळ्यात तापून तो अडखळतो.

दोन डब्यांचे भांडण

कंपनीने दिलेला मोडेम अनेकदा स्वतःही राउटरचे काम करत असतो. त्याला आपण आपला राउटर जोडला की दोघेही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला लागतात. दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरचा गोंधळ होतो. याला दोन उपाय आहेत. पहिला, राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ असा करा. दुसरा, राउटर 'ॲक्सेस पॉइंट' या प्रकारात ठेवा. म्हणजे पत्ते फक्त मोडेम वाटेल आणि राउटर फक्त वाय-फाय देईल.

लॉगिनचेही तसेच आहे. काही जोडण्यांना कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड लागतो. सेटिंगमध्ये याला 'पीपीपीओई' म्हणतात. हे लॉगिन एकाच डब्याने करायचे असते. दोन्ही डब्यांत तेच नाव भरले असेल तर एक आत जाताना दुसरा बाहेर पडू शकतो. शिवाय त्या पानावर 'कनेक्ट ऑन डिमांड' निवडलेले असेल, तर थोडा वेळ वापर नसला की राउटर स्वतःच जोडणी सोडतो. तिथे 'ऑटोमॅटिक' किंवा 'ऑलवेज ऑन' निवडा. नेट अगदी ठरावीक अंतराने तुटत असेल, तर केबलपेक्षा अशा सेटिंगवर आधी संशय घ्या.

चालू-बंद करण्याचाही क्रम आहे. दोन्ही डबे बंद करा, एक मिनिट थांबा. आधी मोडेम लावा. 'पॉन' स्थिर होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे, वाट पाहा. मगच राउटर लावा. मागच्या बारीक छिद्रातले 'रीसेट' बटण मात्र सहज म्हणून दाबू नका. त्याने नाव-पासवर्डासह सगळी सेटिंग पुसली जाते.

संगणकाची साक्ष: पिंग

अभ्यासिकेत संगणक असेल तर आणखी पक्की तपासणी करता येते. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. एका खिडकीत पिंग लिहून राउटरचा पत्ता द्या, दुसऱ्या खिडकीत पिंग लिहून ८.८.८.८ द्या. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. दोन्हींच्या शेवटी जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे इंग्रजी अक्षर लावा, म्हणजे तपासणी थांबवेपर्यंत चालू राहील.

नेट जाते त्या क्षणी दोन्ही खिडक्या पाहा. राउटरकडूनही उत्तर येणे थांबले, तर दोष वाय-फायमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे: मधली केबल, लॉगिन किंवा कंपनीची लाइन. दोन्ही उत्तरे येतात तरी पान उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, अडली आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहा.

दोष वाय-फायचा निघाला, तर राउटर खोलीच्या मध्यावर, उंच आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवा. दाट वस्तीत शेजारच्या राउटरांची गर्दी असते. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनल निवडा. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ वापरा.

वहीतली नोंद हीच ताकद

आठवडाभर एक वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटे नेट गेले, कोणते दिवे कसे होते, तेव्हा वीज गेली होती का किंवा पाऊस होता का. सात दिवसांत नमुना दिसू लागतो. रोज एकाच वेळी, पाऊस पडला की, किंवा कोणी तारेजवळून गेले की.

ही वही तक्रार करतानाही उपयोगी पडते. "नेट चालत नाही" असे म्हटले की "रीस्टार्ट करा" असे उत्तर मिळते. "या आठवड्यात नऊ वेळा 'लॉस' दिवा लाल झाला, फोटो आहेत, राउटरचा अपटाइम सहा दिवस आहे" असे म्हटले की समोरच्याला माणूस पाठवावा लागतो. तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक अभ्यासिकेत, विहारात, वस्तीत किमान दोघांनी हे शिकून घ्यावे आणि त्यांपैकी एक मुलगी असावी. वायर आणि डबा हे पुरुषांचे काम, अशी समजूत घराघरांत आहे. पण दिवसभर घरात त्या डब्याशेजारी बहुतेक वेळा आई किंवा बहीणच असते. दिवे कसे वाचायचे ते एका कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवा. एक चांगली केबल आणि एक अडॅप्टर वर्गणीतून घेऊन ठेवा, म्हणजे तपासणीसाठी कोणालाही नेता येईल. परीक्षांचे फॉर्म सुटण्याच्या आत एवढी तयारी नक्कीच होऊ शकते.