घरच्या ग्रंथालयाची फळी का वाकते? हौशी सुतारांसाठी अडीच फुटांचे गणित

घरात स्वतःच्या हातांनी ग्रंथालय उभारणाऱ्या हौशी सुताराला बहुधा सांध्यांची धास्ती असते. मात्र, असे कपाट अनेकदा बिघडते ते फळीच्या लांबीमुळे. पुस्तकांनी पूर्ण भरलेल्या एक मीटर फळीवर साधारण २५ ते ३५ किलो भार येतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. या अखंड भाराने लाकूड हळूहळू वाकते आणि पुस्तके काढल्यानंतरही तो बाक पूर्णपणे जात नाही.

स्थापत्यशास्त्राच्या नियमानुसार, फळी पुस्तकांनी सलग भरलेली असल्यास तिचा बाक दोन आधारांमधील अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच अंतर दुप्पट केले, तर बाक सोळापट होतो. याउलट, तीन फुटांची फळी अडीच फुटांची केली, तर बाक जवळपास निम्म्यावर येतो. जाडीचाही परिणाम मोठा असतो. १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटर जाडीची फळी वापरल्यास बाक निम्म्याहूनही कमी होतो. जाड फळी परवडत नसेल, तर पुढच्या कडेला दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवणे हा स्वस्त उपाय ठरतो.

अडीच फुटांचे माप खर्चाच्या दृष्टीनेही सोयीचे आहे. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडमधून ११ इंच रुंदीच्या चार लांब पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीतून अडीच फुटांच्या तीन, म्हणजे एकूण १२ फळ्या मिळतात. तीन फुटांच्या फळ्या मात्र केवळ आठ निघतात आणि उरलेले तुकडे बहुतांशी वाया जातात. या पट्ट्या लांबीच्या दिशेने कापाव्यात, म्हणजे वरच्या थराचे तंतू फळीच्या लांबीला समांतर राहतात आणि तिला बळकटी देतात.

फळी केवळ स्क्रूवर टांगण्याऐवजी उभ्या बाजूंमध्ये सुमारे ६ मिलिमीटर खोल खाच पाडून तीत बसवावी. जोडणी करताना समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही तिरकी अंतरे मोजावीत. ती समान असतील, तर चौकट काटकोनात आहे असे समजावे. मागे ६ मिलिमीटरचे प्लायवूड ठोकल्यास कपाट बाजूला झुकत नाही.

मराठी विश्वकोशाच्या खंडांसारखे जड ग्रंथ तळाच्या कप्प्यात ठेवावेत. ओल आणि वाळवीपासून बचावासाठी तळ जमिनीपासून तीन-चार इंच उंच ठेवावा आणि कपाट ओलसर भिंतीला टेकवू नये. उंच कपाट वरच्या बाजूला कोन-पट्टीने भिंतीला पक्के बांधणे अत्यावश्यक आहे. लहान मूल फळीवर चढल्यास भरलेले कपाट अंगावर कोसळू शकते.

नवशिक्याने सर्वप्रथम आपली पुस्तके मोजावीत, मगच करवत हाती घ्यावी.