मेजावरील ध्वनिक्षेपकाची निवड

मराठींत ‘वीस’ आणि ‘तीस’ या संख्यांमध्यें अंतर दहाचें असलें, तरी उच्चारांत तें एकाच व्यंजनाचें आहे. ‘आठ’ आणि ‘साठ’ यांची गोष्टहि तशीच. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील आष्टीसारख्या गांवीं एखादा शेतीचा जाणकार संगणकासमोर बसून कपाशीवरील फवारणीची मात्रा सांगतो. ऐकणाऱ्या शेतकऱ्यानें विसाचे तीस ऐकले, तर नुकसान पिकाचें होतें. म्हणून संभाषणासाठीं, थेट प्रक्षेपणासाठीं वा ध्वनिमुद्रणासाठीं ध्वनिक्षेपक निवडणें ही केवळ हौसेची बाब नव्हे.

बोलण्यांतील जोर मुख्यतः स्वरांत असतो. व्यंजनें क्षीण व क्षणिक असतात. पत्र्याचें छप्पर आणि उघड्या भिंती असलेल्या खोलींत आधींच्या स्वराचे पडसाद रेंगाळतात व पुढील व्यंजनास झांकून टाकतात. तेव्हां पहिला विचार यंत्राचा नव्हे, खोलीचा करावा. बोलणाऱ्याच्या पाठीमागील भिंतीवर जाड गोधडी टांगली, तरी पुष्कळ पडसाद शोषले जातात.

ध्वनिक्षेपकाचे प्रकार मुख्यतः दोन. डायनॅमिक प्रकारांत पडद्याला जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत हलतें व वीज उत्पन्न होते. कंडेन्सर प्रकारांत विद्युद्भारित पट्टीजवळ पातळ पडदा कांपतो. हा प्रकार अमेरिकेंत एडवर्ड वेंटे यांनीं १९१६ सालीं सिद्ध केला. १९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंत सेस्लर व वेस्ट यांनीं कायमचा भारित राहणारा पडदा योजला आणि हें साधन स्वस्त व लहान झालें.

डायनॅमिक घेतला कीं खोलीचा आवाज येत नाहीं, ही समजूत अर्धीच खरी आहे. तो कमी संवेदनशील असल्यामुळें बोलणाऱ्यास जवळ यावें लागतें. खरा लाभ त्या जवळिकीचा असतो. तोंडापासूनचें अंतर निम्में केलें कीं थेट आवाज सुमारें ६ डेसिबेलनें वाढतो, पडसाद मात्र जवळजवळ तेवढेच राहतात. ६० सेंटिमीटरांवरून १५ सेंटिमीटरांवर आल्यास लाभ १२ डेसिबेलचा होतो. तो कोणत्याहि किमतीच्या यंत्रास मिळतो.

दुसरी गोष्ट दिशेची. ‘कार्डिऑइड’ म्हणजे हृदयाकृति ग्रहणक्षेत्राचा ध्वनिक्षेपक समोरचें अधिक व मागचें अत्यल्प ऐकतो. तो मेजावर ठेवून तोंडाकडे वर वळविला, तर छताचा पंखा नेमका त्याच्या समोर येतो! त्याऐवजीं तो कमानीवर टांगून वरून तोंडाकडे रोखावा. मग पंखा त्याच्या पाठीशीं जातो. शिवाय मेजावरचे धक्केहि कमी पोंचतात.

मराठींतील ख, ठ, फ, भ हीं महाप्राण व्यंजनें उच्चारतांना श्वासाचा झोत बाहेर पडतो व पडद्यावर आदळून धप् असा आवाज होतो. यासाठीं फोमची टोपी घालावी आणि ध्वनिक्षेपक झोताच्या रेषेंत न धरतां तोंडाच्या किंचित् बाजूस ठेवावा.

जोडणीविषयीं एवढेंच, कीं एकटा बोलणारा असेल, तर थेट संगणकास लागणारा यूएसबी ध्वनिक्षेपक पुरेसा होतो. एक्सएलआर जोडणीच्या यंत्रास मध्यें दुसरें उपकरण लागतें, आणि तें यंत्र कंडेन्सर असल्यास बहुधा ४८ व्होल्टांचा पुरवठाहि. दोघे बोलणार असतील, तर हा खर्च सार्थ ठरतो. कारण प्रत्येकाजवळ स्वतंत्र ध्वनिक्षेपक ठेवतां येतो.

विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. आपल्याच खोलींत, पंखा चालू ठेवून, ‘वीस, तीस, आठ, साठ, पन्नास, पंचावन्न’ असे आंकडे उलटसुलट क्रमानें मुद्रित करावेत आणि ते यादी न पाहिलेल्या माणसास ऐकवून लिहून घ्यावयास सांगावें. त्याच्या कागदावर सर्व आंकडे बिनचूक उतरले, तर अधिक महाग यंत्राची गरज नाहीं. चुकले, तर नवें यंत्र घेण्यापूर्वीं ध्वनिक्षेपक वीतभर जवळ घ्यावा व भिंतीवर आणखी एक गोधडी टांगावी.