पोकलेनचे पाय

रस्त्याच्या कडेला पोकलेन काम करत असलं की माणसं घटकाभर थांबून पाहतात. पाहतात ते वर गेलेला लांब हात आणि मातीने भरलेलं बकेट. त्याच्या पायांकडे कुणी बघत नाही. आज मला त्या पायांविषयी बोलायचं आहे.

मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण राहतो चंदनसारला. विरार स्टेशनच्या पूर्वेकडून महामार्गाच्या विरार फाट्याकडे जाणारा हा रस्ता. इथलं बांधकाम काही थांबत नाही. ट्रेलरवर चढवलेली पोकलेन दारावरून जातात आणि ती दुरुस्त करणारे मिस्त्री आमच्या मोहल्ल्यातच राहतात. त्यांतल्या एका वयस्कर मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. पुढे सांगतो त्यातलं बरंचसं त्यांच्या शेजारी बसून ऐकलेलं, पाहिलेलं आहे.

आधी नावाचं. पोकलेन हे मुळात फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव. तिची यंत्रं आपल्याकडे इतकी रुळली की वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं चेनवर चालणाऱ्या प्रत्येक खोदयंत्राला पोकलेन. टायरवरचं ते जेसीबी आणि चेनवरचं ते पोकलेन, असा आपला सरळ हिशेब. मिस्त्री हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. वसईकरांना त्याचं नवल वाटायला नको.

मग टायर सोडून चेन कशासाठी? कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावात बेंजामिन होल्ट नावाचे एक कारखानदार होते. तिथली शेतजमीन भुसभुशीत. वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी होल्ट यांनी चाकांऐवजी पट्टे लावलेला ट्रॅक्टर चालवून पाहिला. तो पाहून एक छायाचित्रकार म्हणाला, हा तर सुरवंटासारखा सरपटतो. इंग्रजीतल्या सुरवंटाचं तेच नाव, कॅटरपिलर, पुढे १९२५ साली स्थापन झालेल्या कंपनीला मिळालं.

युक्ती साधी आहे. वजन तेच, पण ते पसरून टाकायचं. २० टनांचं पोकलेन घ्या. प्रत्येक पट्टा ६० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेली लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. गुणाकार-भागाकार केला तर एका चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोपेक्षाही थोडा कमी भार येतो. आपण चालताना एका पायावर येतो तेव्हा आपल्या तळव्याखाली जवळपास तेवढाच भार असतो. म्हणून जिथे माणूस चालू शकतो, अशा बऱ्याच जमिनीवर हा लोखंडी हत्तीही चालू शकतो.

आता हे पाय उघडून पाहू. सायकलची चेन डोळ्यांपुढे आणा. मागे दात्यांचं चक्र असतं, ते स्प्रॉकेट. चेन ओढतं ते हेच. पुढे गुळगुळीत चाक असतं, ते आयडलर. वरची चेन लोंबू नये म्हणून एक-दोन वरचे रोलर आणि सगळं वजन पेलायला खाली सात-आठ रोलर. चेनच्या कड्या एका बाजूला पंचेचाळीस ते पन्नास. प्रत्येक जोडात एक पिन आणि तिच्यावर एक बुश. कड्यांवर बोल्टने बसवलेल्या लोखंडी प्लेटा जमिनीला टेकतात. थोडक्यात, आपले रूळ आपणच पुढे अंथरत आणि मागून गोळा करत जाणारी ही आगगाडी आहे.

या भागांना सावली नाही आणि उसंतही नाही. दगड, मुरूम, चिखल, पाणी सगळं त्यांच्याच वाट्याला. सतत चालणाऱ्या बुलडोझरच्या आयुष्यभराच्या देखभाल खर्चात जवळपास निम्मा वाटा या पायांचा असतो, असं जाणकार धरून चालतात. पोकलेन एका जागी उभं राहून जास्त काम करतं, तरी त्याचाही खर्च थोडाथोडका नसतो.

पहिली गोष्ट चेनच्या ताणाची. चेन फार घट्ट असली तर पिन, बुश, स्प्रॉकेट, आयडलर सगळेच झिजतात आणि डिझेलही जास्त जळतं. फार ढिली असली तर वळताना ती उतरते. ताण तपासायची रीत अशी. वरचा भाग आडवा फिरवायचा, बकेट जमिनीवर दाबून एका बाजूची चेन उचलायची, ती पुढे-मागे फिरवून माती झटकायची आणि मग मधोमध चेन किती लोंबते ते मोजायचं. २० टनी यंत्रात खालच्या चौकटीपासून प्लेटेपर्यंत साधारण फूटभर अंतर भरतं. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तकात असतो. यंत्र नुसत्या बकेटच्या आधारावर तोललेलं असताना त्याच्याखाली जायचं नाही. आधी लाकडी ठोकळे लावायचे.

चेन घट्ट करायची तर आयडलरमागच्या सिलिंडरमध्ये ग्रीसगनने ग्रीस भरतात. ढिली करायची तर तिथला व्हॉल्व्ह सोडतात. इथे जीव जाऊ शकतो. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह एका आट्यापेक्षा जास्त सोडला तर तो गोळीसारखा बाहेर येतो. बारीक धारेने सुटलेलं ग्रीस कातडी फोडून आत शिरतं. वरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण वेळेत इस्पितळ गाठलं नाही तर बोट, हात गमावण्याची पाळी येते. म्हणून चाचा नव्या हेल्परला पाना हातात देण्याआधी कुठे उभं राहायचं ते शिकवतात. तोंड व्हॉल्व्हसमोर कधीच नाही, शरीर बाजूला, आणि सोडायचं ते हळूहळू.

दुसरी गोष्ट चिखलाची. आपल्याकडे पावसाळ्यात मुरमाचा चिखल स्प्रॉकेटच्या दात्यांत आणि रोलरच्या भोवती गच्च बसतो. दात्यांत माती भरली की चेन आपोआप ताणली जाते. म्हणून ताण तपासायचा तो जिथे काम चालू आहे तिथल्या मातीत. संध्याकाळी तो चिखल काढला नाही तर पावसाने उघडीप दिल्यावर तो सिमेंटसारखा कडक होतो. रोलर फिरायचा थांबतो, चेन त्याच्यावरून घसटत जाते आणि गोल रोलर एका बाजूने सपाट होतो. खाडीकाठी, मिठागरांच्या जमिनीत काम केलं असेल तर गोड्या पाण्याने धुणं आणखी गरजेचं, कारण खारट चिखल लोखंड खातो.

तिसरी गोष्ट झिजेची. मिस्त्री म्हणतात, ‘चेन लांबली.’ खरं तर लोखंड ताणलं जात नाही, घासलं जातं. प्रत्येक पिन आणि बुश केसभर झिजतात. जोड पंचेचाळीस म्हटले तरी मिळून चेन लांब होते आणि स्प्रॉकेटच्या दात्यांशी तिचं जमेनासं होतं. दाते टोकदार होतात. अशा जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. बुश एकाच बाजूने झिजतो, म्हणून बुलडोझरसारख्या यंत्रात तो काढून अर्धा फिरवून पुन्हा बसवतात. रोलरच्या कडेला तेलाचा ओला डाग दिसला तर सील गेलं असं समजावं. तेल संपलेला रोलर तापतो आणि पुढे जाम होतो.

चेन वारंवार उतरत असेल तर नुसती घट्ट करून भागत नाही. आयडलर झिजलाय का, रोलरच्या कडा राहिल्यात का, आतली स्प्रिंग तुटली का, ग्रीसचं सिलिंडर गळतंय का, हे क्रमाने पाहावं लागतं. शिवाय चालवण्याची पद्धतही पाहावी. लांब जाताना स्प्रॉकेट मागे ठेवावं. एकाच बाजूला वळत राहू नये, उतारावर झटका देऊन वळू नये. मैलभर चालवण्यापेक्षा ट्रेलर बोलवावा.

हे सगळं आपल्यासारख्या सामान्य माणसाने कशाला ऐकायचं? याचं उत्तर आमच्या विरारमध्येच आहे. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. १७ माणसं गेली. वस्ती इतकी दाट की सुरुवातीला मोठी यंत्रं आत पोचू शकली नाहीत. राडारोडा हातांनी उपसावा लागला. बेघर झालेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात आसरा दिला गेला. त्या दिवसांत एकेका मिनिटाचं मोल काय असतं, ते आम्ही जवळून पाहिलं. आत जायला वाट असणं ही पहिली गरज. पण वाट मिळाल्यावर तुटक्या स्लॅबवर, बाहेर आलेल्या सळयांवर चढायचं असतं, तेव्हा भरवसा त्या पायांवरच असतो. ढिली चेन उतरते ती नेमकी अशाच जागी, आणि ती चढवायला अर्धा दिवस लागू शकतो. ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे अर्धा दिवस नसतो.

अडचण ज्ञानाची नाही. ऑपरेटरला, हेल्परला हे सगळं माहीत असतं. पण यंत्र चालतं तासाच्या भाड्याने. फावड्याने चिखल काढण्याचा अर्धा तास कुणाच्याच बिलात येत नाही. मालकाला बँकेचा हप्ता दिसतो, ठेकेदाराला मुदत दिसते आणि तो अर्धा तास हेल्परच्या जेवणाच्या सुटीतून जातो किंवा जातच नाही. चाचांचं म्हणणं एवढंच, की भाडं ठरवताना धुण्या-पुसण्याचा अर्धा तासही त्यात धरावा. मला ते पटतं. ज्या पायांवर वीस टन उभे आहेत, त्यांना दिवसाकाठी अर्धा तास देणं काही फार नाही.