परवान्याच्या फाईलचे दुसरे वाचन

‘राज्य परिवहन’ म्हटले की महाराष्ट्रात डोळ्यांपुढे लाल एसटी उभी राहते. त्यामुळे ‘राज्य परिवहन अपील न्यायाधिकरण’ हे नाव ऐकून कुणाला ती एसटी कर्मचाऱ्यांची कचेरी वाटते, कुणाला अपघाताची भरपाई मिळण्याची जागा. दोन्ही समज चुकीचे. अपघाताच्या दाव्यांचे न्यायाधिकरण वेगळे आहे. इथे येतो तो वाहनाच्या परवान्याचा वाद: सरकारी प्राधिकरणाने परवाना नाकारला, निलंबित केला किंवा रद्द केला, तर दाद कुठे मागायची?

समजा, साताऱ्याकडच्या एका मालकाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर काढून त्याच परवान्यावर चालवायला कर्जाने नवी घेतली. अशा बदली गाडीला प्राधिकरणाची परवानगी लागते. बैठक होते आणि मालकाच्या हाती एका ओळीचे पत्र पडते: विनंती अमान्य. नव्या सीटवरचे प्लास्टिकही अजून निघालेले नसते. गाडी दारात धूळ खात उभी राहते आणि बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो.

मालक म्हणतो, ‘आरटीओने नाकारले.’ कायद्याच्या लेखी नाकारणारे असते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि आरटीओ सदस्य-सचिव असतात. हा फरक समजून घ्यायलाच हवा, कारण लायसन्स किंवा नोंदणीबद्दलचे अपील वेगळ्या अधिकाऱ्याकडे जाते आणि परवान्याचे न्यायाधिकरणाकडे. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला की मुदतीचे दिवस तिथेच संपतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८९ ने हा दरवाजा दिला. परवाना नाकारणे, जाचक अटी घालणे, निलंबन, नूतनीकरणास नकार, हस्तांतरणास नकार, बदली गाडीला नकार या सगळ्यांवर इथे अपील चालते. न्यायाधिकरणावर बसणारी व्यक्ती जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाहून कमी नसलेली न्यायिक अधिकारी किंवा उच्च न्यायालयाची न्यायाधीश होण्यास पात्र असावी लागते. जिथे अपील नाही, तिथे कलम ९० खाली तीस दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आणि कलम ९४ मुळे परवान्याचा वाद दिवाणी कोर्टात नेता येत नाही, म्हणून या एका खुर्चीवर इतका भार आहे.

अशी खुर्ची खात्याबाहेरची का हवी, हे जुने खटले सांगतात. आंध्रातील बस राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात हरकती ऐकल्या परिवहन खात्याच्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुनावणी सदोष ठरवली. ज्याने ऐकले त्यानेच ठरवायला हवे.

मद्रासचा खटला त्याहून बोलका आहे. तिथल्या सरकारने १९५६ मध्ये बस परवान्यांसाठी गुणपद्धत लावली: वर्कशॉपला इतके गुण, अनुभवाला इतके, व्यवसायाच्या ठिकाणाला इतके. मद्रास ते कृष्णगिरी मार्गाच्या दोन परवान्यांसाठी शंभराहून अधिक अर्ज आले. प्राधिकरणाने एका बसमालकाला परवाने दिले. अपील झाले, न्यायाधिकरणाने त्याच तक्त्यावर गुण पुन्हा मोजले आणि परवाने दुसऱ्यांकडे गेले. अपील म्हणजे सरकारने आखून दिलेल्या रकान्यांची बेरीज तपासणे एवढेच उरले होते. १९६४ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने हे मोडून काढले: निर्णय कसा द्यावा, हे सरकारने हुकूम काढून अशा मंडळाला सांगायचे नाही. पुढे तेव्हाच्या मोटार वाहन कायद्यातील १९६९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाची तरतूद थेट कायद्यात आली.

न्यायाधिकरणाचे खरे बळ फाईल मागवण्यात आहे. १९८८ च्या कायद्याने परवाना सहसा नाकारू नये असे म्हटले आणि नाकारलाच तर लेखी कारणे देण्याचे बंधन घातले. त्यामुळे ‘विनंती अमान्य’ या ओळीमागे काय आहे, हे न्यायाधीशांपुढे उलगडावे लागते. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आहे का? मालकाला बोलावले होते का? कारण बैठकीत ठरले, की अपिलाची नोटीस आल्यावर सुचले? बंद खोलीत झालेला निर्णय समोरच्या पक्षाच्या वकिलासमोर उघडा पडतो, ही लहान गोष्ट नाही.

पण हे यंत्र एका माणसावर चालते. न्यायाधिकरणाचे पीठ एकाच न्यायिक अधिकाऱ्याचे. ते निवृत्त झाले, बदलून गेले आणि नवी नेमणूक लांबली, तर शेजारच्या न्यायाधीशाकडे वर्ग करायला दुसरे पीठ नसते. मग उरते उच्च न्यायालयाची रिट, आणि तिचा खर्च एका गाडीच्या मालकाला पेलत नाही. कायदा राज्याला हवी तितकी न्यायाधिकरणे नेमू देतो. प्राधिकरणे मात्र विभागोविभागी आणि अपिलाची जागा दूर, ही तफावत गडचिरोलीच्या माणसाला जास्त बोचते. एका तारखेसाठी दोन दिवस गाडी बंद, आणि वकील मुंबईचा.

वेळेचा हिशेब तर आणखी कठोर आहे. परवाना पाच वर्षांचा. निलंबनाविरुद्धचे अपील वर्षभर पडून राहिले आणि स्थगिती मिळाली नाही, तर जिंकूनही ते वर्ष परत येत नाही. तात्पुरता परवाना चार महिन्यांपुरता, तोही मिळाला तर. रद्द करण्याऐवजी ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय कायद्यात आहे, आणि थकलेला मालक बाजू बळकट असूनही तिकडे वळतो.

म्हणून अपिलाची फाईल बांधताना मालक वकिलाला कलम विचारत नाही. पत्राची प्रत, कर्जाचे हप्ते, जुन्या गाडीची कागदपत्रे टेबलावर मांडून तो विचारतो, ‘साहेब, तिथे सध्या जज आहेत ना?’