बंदीच्या दिवसांत उज्जैनला निघालात? आधी शुगरच्या गोळ्यांचं बघा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात. याच दिवसांत आपल्याकडची बरीच मंडळी महाकालच्या दर्शनाला उज्जैनला जातात. तिकडचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, म्हणजे आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. त्यामुळे नारळी पौर्णिमेच्या आत सोमवारची सवारीही बघून होते. जाणाऱ्यांमध्ये शुगरच्या गोळ्या चालू असलेले आता घरटी एक तरी निघतात. रात्रीचा गाडीप्रवास, उपवास आणि तासन् तास रांग यात याच गोळ्या त्रास देऊ शकतात. म्हणून कोणती गोळी काय करते ते सोप्या भाषेत सांगतो.

आधी पाकीट उलटं करून औषधाचं नाव वाचा. "पिवळी गोळी, पांढरी गोळी" असं सांगून परगावच्या डॉक्टरला काही कळत नाही. एकाच गोळीत दोन-तीन औषधंही असतात.

मेटफॉर्मिन. सगळ्यात जास्त चालणारी गोळी. सुरुवातीला मळमळ, गॅस, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव असा त्रास होतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी होतो. गोळी जेवणासोबत किंवा जेवल्यावर लगेच घ्या. तरीही पोट बिघडत असेल तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, डॉक्टरला विचारा. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ कमी होऊ शकतं आणि पायाला मुंग्या येतात. आपण मासे खातो म्हणून आपल्याला हे होणार नाही असं समजू नका, कारण गोळीमुळे ते अंगी कमी लागतं. अधूनमधून तपासून घ्या. प्रवासात उलट्या-जुलाब जोरात लागले तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरला विचारा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड. खरी काळजी यांची. तुम्ही जेवा किंवा न जेवा, ही गोळी साखर खाली आणतेच. भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास असते आणि माणसं मध्यरात्रीपासून रांगेत उभी राहतात. रात्री गोळी घेतली, उपवास म्हणून जेवण टाळलं, की रांगेत साखर उतरलीच म्हणून समजा. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका.

साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, भूक लागते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. बोटीवर असं झालं तर लोक म्हणतात "लागली याला" नाहीतर "चढली याला", आणि झोपवून ठेवतात. तसं करू नका. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. फरक नसेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की काहीतरी खायला घाला. पोहे-जिलेबी नंतर, आधी साखरपाणी, कारण तळलेलं गोड रक्तात उशिरा पोचतं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. तो नंबर मध्य प्रदेशातही चालतो. या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा.

व्होग्लिबोज, अकार्बोज. यांनी पोटात गॅस होतो. पण लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. ही गोळी चालू असताना साखर उतरली तर घरची साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. महाकालला दर्शनाला जाताना मोबाइल, पिशवी बाहेर ठेवावी लागते. म्हणून ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा, धोतर नेसलात तर कनवटीला.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. लघवी वाढते, पाणी कमी पडलं तर उभं राहताच चक्कर येते, लघवीच्या जागी खाज सुटते. रांगेत लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, तसं करू नका. खाज सुटली तर लाजू नका, साधा इलाज आहे. निर्जळी उपवास या गोळीवर धोक्याचा. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर यंत्रावर साखर फार वाढलेली दिसली नाही तरी तडक दवाखाना गाठा.

पायोग्लिटाझोन. पायाला सूज, वजन वाढणं. धाप लागत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

इन्सुलिन. आपल्याकडे बर्फाची कमी नाही, म्हणून कुणी बाटली सरळ बर्फात खुपसतं. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, ते वितळलं तरी वापरायचं नाही. फडक्यात गुंडाळून डब्यात घाला, बर्फाला टेकू देऊ नका. चालू बाटली सावलीत, थंड जागी बहुधा चार आठवडे चालते, पण पाकिटावर लिहिलंय ते बघा. गाडीत खिडकीजवळ उन्हात ठेवू नका.

पायांचंही बघा. मुंग्या येणाऱ्या पायाला चटका कळत नाही, तसा डेकवर शिंगाळ्याचा काटा घुसलेलाही कळत नाही. देवळात अनवाणी चालून आलात की रात्री तळवे धुऊन, पुसून नीट बघा.

निघण्याआधी आठ दिवस डॉक्टरला भेटा. एवढंच विचारा: उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, आणि किती. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. किडनीची तपासणीही तेव्हाच करा. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक बॅग हरवली तरी दुसरी हाताशी राहील. सोबतच्या एकाला तरी सगळं सांगून ठेवा.

आणि एक. त्रास होतो म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेक त्रासावर वेळ बदलणं, डोस बदलणं किंवा दुसरी गोळी हा उपाय असतो. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या स्वस्त मिळतात.

१ ऑगस्टला बोटी पाण्यात जातील तेव्हा तांडेल, खलाशी सगळे धडधाकट हवेत. बोटीवरच्या औषधाच्या डब्यात ग्लुकोजचा एक डबा आतापासूनच ठेवा, आणि हा मजकूर घरातल्या थोरांना वाचून दाखवा.

जय महाकाल. आई एकवीरेचा उदो उदो.