मनोविकाराची फाईल आणि बंदुकीचा परवाना

नागपूरच्या धरमपेठेतल्या वेस्ट हायकोर्ट रोडवर बँकांच्या आणि सराफी दुकानांच्या दाराशी बंदूक घेऊन उभे असणाऱ्यांत अनेक माजी सैनिक असतात. त्यांची नोकरी बंदुकीच्या परवान्यावरच चालते. त्यामुळे रात्र रात्र डोळा लागत नसला, तरी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘तिथे नाव लागलं की पोलिसांना कळतं आणि परवाना जातो.’ परवानाधारक व्यापाऱ्यांच्या घरातही हेच ऐकू येतं.

पोलिसांना आपोआप काहीही कळत नाही. शस्त्रपरवान्यांची देशपातळीवर संगणकीय नोंद होते, प्रत्येक परवान्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो, हे खरं. पण त्या नोंदीला कुठल्याही दवाखान्याची रुग्णयादी जोडलेली नाही. उलट मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला लोक अजूनही ‘पागलखाना’ म्हणतात. पण तिथल्या केसपेपरलाही हेच संरक्षण आहे.

मात्र डॉक्टरांचं तोंड कायमचं बंद असतं, असंही समजू नये. रुग्णाच्या हातून दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, जिवावर बेतणार असेल, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा उच्च न्यायालयासारख्या अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश असेल, तर माहिती देता येते. इजा टाळण्यासाठी द्यायची झाल्यास ती गरजेपुरतीच द्यायची, अख्खी फाईल नव्हे.

मग परवान्याच्या अर्जाबरोबर डॉक्टरांचं प्रमाणपत्र कशाला लागतं? शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदाराची शारीरिक आणि मानसिक प्रकृती ठीक आहे आणि तो नशेच्या पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, एवढं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. जुन्या चिठ्ठ्या, औषधांची नावं किंवा समुपदेशनात बोललेलं त्यात येत नाही. पण महत्त्वाची माहिती दडवून परवाना मिळवला, तर शस्त्र कायद्याचं कलम १७ तो रद्द करण्याची मुभा देतं. म्हणजे डॉक्टरांपासून आजार लपवणारा माणूस परवाना वाचवत नाही, तो अधिकच धोक्यात घालतो.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे. १९५९ चा शस्त्र कायदा मनोविकल व्यक्तीला परवाना नाकारायला सांगतो, आणि तसं ‘मानण्यास कारण’ आहे की नाही हे परवाना देणारा अधिकारी ठरवतो. नागपूर शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांचा. २०१७ च्या कायद्याचं कलम ३ मात्र स्पष्ट म्हणतं की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी मनोविकल ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहावं लागलं, तेवढ्यावरून माणूस आजही आजारी आहे असं ठरवता येत नाही. नैराश्याची गोळी घेणाऱ्याला सरसकट अपात्र ठरवणं माझ्या मते या कायद्याच्या विरोधात जातं. परवाना नाकारला तर लेखी कारण मागावं. शस्त्र कायद्याच्या कलम १८ नुसार अपीलही करता येतं.

‘शस्त्र बाळगणं हा माझा हक्क आहे’ हे वाक्य मात्र अमेरिकी चित्रपटांतून आलेलं. तिथे राज्यघटनेत तशी तरतूद आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे परवाना ही सरकारने दिलेली सवलत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन होती), आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

घरातला परवानाधारकच खचला असेल, मरणाची भाषा करत असेल, तर काय? मुलाने किंवा भावाने पिस्तूल स्वतःच्या कपाटात ठेवलं, तर परवान्याविना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर होऊ शकतो. परवानाधारकाला विश्वासात घेऊन ते हद्दीच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करवावं आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तोवर बोलायला कुणी हवं असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.